बिघडलेला कॅमेरा

घरातील प्रत्येक वस्तूच्या वाट्याला एक दिवस असा येतो, की ती काम करीनाशी होते. पितळेच्या भांड्याची कल्हई जाते, शिवणयंत्र अडते, छत्रीची काडी मोडते. पूर्वी अशा वेळी फारसा विचार करावा लागत नसे. कल्हईवाला गल्लीत येई, छत्र्या दुरुस्त करणारा पावसाच्या तोंडावर ओटीवर येऊन बसे, आणि मोडलेली वस्तू पुन्हा कामाला लागे. विजेवर चालणाऱ्या व सूक्ष्म भागांनी बनलेल्या आजच्या वस्तूंचे तसे नाही. त्यांच्या आत काय बिघडले आहे हे डोळ्यांना दिसत नाही; दुरुस्तीला किती खर्च येईल हे आधी कळत नाही; आणि तेवढ्या पैशांत दुसरी वस्तू आली असती काय, ही शंका मनाला सोडीत नाही. जुना डिजिटल कॅमेरा ही अशाच प्रकारची वस्तू होय. तो बिघडला म्हणजे दुरुस्त करावा की विकून टाकावा, हा प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु त्याचे उत्तर नीट शोधू गेल्यास विचार करण्याची एक चांगली रीत हाती लागते.

उदाहरणादाखल कोकणातील समुद्रकाठच्या गावातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. त्या घरातील आजोबा शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर २००९ साली त्यांनी बारा हजार रुपये देऊन एक लहानसा डिजिटल कॅमेरा घेतला. गणपतीची आरास, नातवंडांचे वाढदिवस, थंडीत खाडीवर उतरणारे पक्षी, असे जे जे डोळ्यांना सुखावी ते ते त्यांनी त्यात टिपले. पुढे आजोबा वारले. घरात मोबाइल आले आणि कॅमेरा कपाटात जाऊन पडला. एका डिसेंबरात त्यांच्या बारा वर्षांच्या नातीने तो बाहेर काढला. शाळेसाठी ती खाडीवरच्या पक्ष्यांची नोंदवही करीत होती. दोन दिवस कॅमेऱ्याने उत्तम काम दिले. तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर तिने कळ दाबली, तेव्हा भिंगाची नळी अर्धवट बाहेर आली, आतून करकर असा आवाज झाला, पडद्यावर बिघाडाची सूचना उमटली आणि कॅमेरा आपोआप बंद पडला.

संध्याकाळी घरात चर्चा झाली. “पंधरा वर्षांहून जुने यंत्र ते! विकून मोकळे व्हावे,” असे वडील म्हणाले. “ह्यांच्या हातची वस्तू आहे, ती विकायची नाही,” असे आजीने निक्षून सांगितले. “बाबा, दुरुस्तच करू या ना,” असा नातीचा आग्रह. आई मात्र एवढेच म्हणाली, “आधी काय बिघडले आहे ते तर पाहू.” वास्तविक पाहता त्या चार मतांपैकी आईचेच म्हणणे सर्वांत शहाणपणाचे होते. रोग कळल्यावाचून औषध ठरवू नये, तसेच बिघाड कळल्यावाचून वस्तूचे भवितव्य ठरवू नये.

बिघाड समजण्यासाठी प्रथम कॅमेऱ्याची रचना थोडी समजली पाहिजे. कॅमेऱ्याची तुलना माणसाच्या डोळ्याशी करतात ती योग्यच आहे. डोळ्यापुढे जसे नेत्रभिंग, तसे कॅमेऱ्याच्या पुढे काचेचे भिंग असते. त्यातून आलेले प्रकाशकिरण आत एका ठिकाणी एकत्र येऊन दृश्याची प्रतिमा तयार होते. जुन्या कॅमेऱ्यात ही प्रतिमा रसायनाचा लेप दिलेल्या फिल्मवर उमटत असे. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो. सेन्सर म्हणजे सिलिकॉनची एक चपटी चकती. तिच्यावर लक्षावधी अतिसूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यावर जितका अधिक प्रकाश पडेल तितका अधिक विद्युत्भार त्यात साठतो. कॅमेऱ्याचे यंत्र हा भार मोजते व त्याचा आकडा करते. कप्प्यांवर तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांच्या गाळण्या बसविलेल्या असल्यामुळे रंगांचाही हिशेब लागतो. अशा आकड्यांची रास म्हणजेच डिजिटल छायाचित्र. ती रास एका लहानशा कार्डावर साठविली जाते आणि या सर्व कामाला लागणारी वीज बॅटरी पुरविते.

हे तंत्र एका दिवसात सिद्ध झालेले नाही. प्रकाशाचे विद्युत्भारात रूपांतर करून तो वाचून काढण्याच्या पद्धतीचा पाया अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ या दोन शास्त्रज्ञांनी १९६९ साली घातला. त्यासाठी त्यांना २००९ साली पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना तयार केला. त्याचे वजन साडेतीन किलोग्रॅमहून अधिक होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास त्याला २३ सेकंद लागत. त्या चित्रात अवघे दहा हजार बिंदू असत. आजोबांच्या कॅमेऱ्यातील चित्रात एक कोटी बिंदू होते, म्हणजे हजारपट! तळहातावर मावणारे ते यंत्र किती माणसांच्या बुद्धीचे व श्रमांचे फळ होते, हे यावरून ध्यानात येईल.

इतके भाग एकत्र नांदत असल्यामुळे बिघाडही नाना प्रकारचे होतात. त्यांतील काही अगदी क्षुल्लक असतात. कॅमेरा सुरूच झाला नाही, तर पुष्कळदा दोष बॅटरीचा असतो. वापर असो वा नसो, काही वर्षांत बॅटरीची शक्ती क्षीण होतेच. बॅटरीच्या धातूच्या टोकांवर मळ वा गंज चढला, तरी वीज आत पोहोचत नाही. चित्रे साठत नसतील, तर कार्ड खराब झालेले असण्याचा संभव असतो. एखादी चांगली बॅटरी व दुसरे कार्ड घालून पाहिले, की या दोषांचा उलगडा घरच्या घरी होतो. चांगला कॅमेरा केवळ बॅटरी मेली म्हणून भंगारात गेल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

दुसऱ्या प्रकारचे बिघाड मध्यम स्वरूपाचे असतात. लहान कॅमेऱ्याचे भिंग नळीत बसविलेले असते आणि कॅमेरा सुरू होताच ती नळी सूक्ष्म दंतचक्रांच्या साहाय्याने बाहेर सरकते. समुद्रकाठच्या वाळूचा एखादा कण त्या दंतचक्रांत अडकला तरी नळी अडते. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यानंतर भिंगावर बुरशीचे जाळे दिसू लागते. ते वेळीच पुसून न घेतल्यास काचेवर कायमचे डाग उरतात. मोठ्या कॅमेऱ्यातील प्रकाशाचा पडदा, म्हणजे शटर, हाही झिजणारा भाग आहे. अनेक कॅमेऱ्यांत तो सुमारे एक लाख चित्रांपर्यंत टिकेल अशा अंदाजाने बनविलेला असतो. असे दोष कुशल कारागीर दूर करू शकतो. तिसरा प्रकार मात्र गंभीर. सेन्सर निकामी झाला किंवा सर्व कारभार चालविणारे मुख्य सर्किट खाऱ्या पाण्याने गंजले, तर तो कॅमेऱ्याच्या मर्मस्थानी झालेला घाव समजावा. जुन्या कॅमेऱ्यांचे हे भाग नवे मिळणे कठीण असते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. कॅमेरा उघडून पाहण्याचा मोह मुलांना फार होतो. तो आवरला पाहिजे. अंधारात लखलखाट करणाऱ्या फ्लॅशसाठी कॅमेऱ्यात एक विद्युत्संचयक असतो. त्यात सुमारे ३०० व्होल्ट दाबाची वीज साठते, आणि बॅटरी काढून घेतल्यावरही ती काही काळ तशीच राहते. त्याला बोट लागल्यास जबर धक्का बसतो. त्याचप्रमाणे लिथियम-आयन जातीची बॅटरी फुगलेली दिसली, तर तिला टोचू नये, दाबू नये व पुन्हा प्रभारित करू नये. ती पेट घेऊ शकते. बाहेरून जेवढे तपासता येईल तेवढे तपासावे; आतले काम जाणत्याच्या हाती सोपवावे.

त्या घरातील मंडळींनी तसेच केले. बॅटरी बदलून पाहिली, कार्ड बदलून पाहिले. भिंगाची नळी काही हलेना. तेव्हा वडील कॅमेरा घेऊन शहरातील एका वृद्ध कारागिराकडे गेले. कारागिराने नळीजवळ कान नेला, करकर ऐकली आणि म्हटले, “वाळू गेलेली दिसते. पाहणीचे दोनशे रुपये आधी द्यावे लागतील. माझ्या अंदाजाने दुरुस्तीला अठराशे लागतील. पण उघडल्याशिवाय खात्री देणार नाही.” खात्री नसताना खात्री न देणे, हे चांगल्या कारागिराचे लक्षणच होय.

आता हिशेबाची वेळ आली. अशा हिशेबात पुष्कळ लोक एक चूक करतात. “बारा हजारांची वस्तू आहे, तिच्यावर आणखी दोन हजार घातले तर काय बिघडले?” असे ते म्हणतात. परंतु ते बारा हजार कित्येक वर्षांपूर्वी खर्च झालेले आहेत. कॅमेरा दुरुस्त केला तरी ते परत येत नाहीत आणि विकला तरी परत येत नाहीत. जे दोन्ही वाटांवर सारखेच आहे, ते वाट निवडताना मोजण्याचे कारण नाही. मोजावयाचे ते यापुढे जाणारे व यापुढे येणारे पैसे.

त्या दृष्टीने वडिलांनी कागदावर आकडे मांडले. दुरुस्तीचा अंदाज १,८०० रुपये. तशाच प्रकारचा चालू स्थितीतील जुना कॅमेरा बाजारात ३,००० रुपयांना मिळत होता. बिघडलेला कॅमेरा सुट्या भागांसाठी विकल्यास ५०० रुपये येणार होते. म्हणजे हा विकून दुसरा घेतल्यास खिशातून २,५०० रुपये जाणार, आणि हाच दुरुस्त केल्यास १,८०० जाणार. दुरुस्तीत ७०० रुपयांची बचत होती. याउलट दुरुस्तीचा खर्चच दुसऱ्या कॅमेऱ्याच्या किमतीहून अधिक झाला असता, तर ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ अशी गत झाली असती.

तथापि पैशांच्या हिशेबाने अर्धाच निर्णय होतो. स्वस्तात दुरुस्त झालेली वस्तू पुन्हा कपाटातच पडणार असेल, तर तो खर्चही वायाच. म्हणून दुसरा प्रश्न उपयोगाचा. मोबाइल हाती आल्यापासून लहान कॅमेऱ्यांचे दिवस पालटले, हे खरे आहे. जपानमधील कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली तेथील कंपन्यांनी सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात पाठविले. २०२३ साली ती संख्या सुमारे ७७ लाखांवर आली. तरीही काही कामांत कॅमेरा उजवा ठरतो. आजोबांच्या कॅमेऱ्याचे भिंग दूरचे दृश्य खरोखरच दहापट मोठे करून दाखवी. बहुतेक साध्या मोबाइलमध्ये दूरचे चित्र मोठे करतात ते त्याचा मधला तुकडा कापून ताणतात; त्यामुळे खाडीपलीकडचा बगळा पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. नातीला पक्ष्यांचीच नोंद करावयाची होती. तेव्हा तिच्या दृष्टीने या कॅमेऱ्याचा उपयोग खरा होता, नुसत्या हौसेचा नव्हता.

उपयोगाचा विचार किती महत्त्वाचा असतो, हे एका अतिशय मोठ्या कॅमेऱ्याच्या इतिहासावरूनही दिसून येते. हबल ही अमेरिकेची दुर्बीण १९९० सालापासून पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर फिरत आहे. तिच्यात डिजिटल कॅमेरे बसविलेले आहेत. अंतराळवीरांनी तेथे जाऊन तिची अनेकदा दुरुस्ती केली होती. परंतु फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया हे अंतराळयान कोसळून कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यानंतर जानेवारी २००४ मध्ये नासा या संस्थेने असे जाहीर केले, की हबलच्या दुरुस्तीसाठी यापुढे माणसे पाठविली जाणार नाहीत. शास्त्रज्ञांना व सामान्य लोकांनाही या निर्णयाचे दुःख झाले. जोखमीचा पुन्हा बारकाईने विचार झाला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये आणखी एका मोहिमेस मान्यता मिळाली. पुढे जानेवारी २००७ मध्ये हबलवरील मुख्य कॅमेरा विजेच्या दोषाने बंद पडला. त्याच्याही दुरुस्तीचे काम त्याच मोहिमेत घालण्यात आले. मे २००९ मध्ये अंतराळवीरांनी जाड हातमोजे घातलेल्या हातांनी ३२ स्क्रू काढले, आतील चार सर्किटे बदलली आणि तो कॅमेरा पुन्हा पाहू लागला. त्याचा एक भाग मात्र दुरुस्त झाला नाही. परंतु सर्वाधिक उपयोगाचा भाग सुरू झाला, तेवढ्याने श्रमांचे सार्थक झाले. या सर्व काळात संकट ओढवल्यास सुटकेसाठी दुसरे यान पृथ्वीवर सज्ज ठेवलेले होते. हबलच्या कॅमेऱ्याला बाजारात गिऱ्हाईक नव्हते. त्याची दुरुस्ती झाली ती त्याच्या उपयोगाकडे पाहून. आणि जीव धोक्यात घालण्यापूर्वी त्या धोक्याचेही मोजमाप करून.

पुन्हा त्या कोकणातल्या घराकडे वळू. हिशेब व उपयोग या दोहोंचा कौल दुरुस्तीच्या बाजूने पडला, म्हणून वडिलांनी कारागिरास कॅमेरा उघडण्यास सांगितले. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. नळीत वाळू होतीच. पण तेवढ्यावर भागले नव्हते. खारी हवा व दमटपणा यांनी मुख्य सर्किट गंजले होते. ते बदलावयाचे तर एकूण ४,५०० रुपये लागणार, आणि पुढे किती दिवस चालेल हेही सांगता येत नव्हते.

नातीचे तोंड उतरले. “पाहणीचे दोनशे दिले ना बाबा? मग आता मागे कसे फिरायचे?” असे ती म्हणाली. तेव्हा वडिलांनी तिला शांतपणे समजावून सांगितले, की बारा हजारांप्रमाणे ते दोनशेही गेलेच. मात्र ते वाया गेले नाहीत. त्यांच्या मोबदल्यात खरी माहिती मिळाली. कालचा निर्णय कालच्या माहितीवर योग्य होता. आज माहिती बदलली, म्हणून निर्णयही बदलला पाहिजे. ४,५०० रुपयांपेक्षा २,५०० रुपयांची वाट सरळच होती. एकदा ठरविले म्हणून चुकीच्या वाटेने चालत राहणे हा निश्चय नव्हे, तो हट्ट होय.

राहिला आजीचा प्रश्न. तो पैशांचाही नव्हता व उपयोगाचाही नव्हता; तो जिव्हाळ्याचा होता. काही वस्तूंना बाजारात मोल नसते, पण घराला त्या मोलाच्या वाटतात. अशा भावनेची टिंगल करू नये. परंतु ती नेमकी कशात गुंतली आहे, हे शोधून पाहावे. आईने कॅमेऱ्यातील कार्ड काढून संगणकाला जोडले. पडद्यावर एकामागून एक चित्रे येऊ लागली. आरशासमोर उभे राहून आजोबांनी स्वतःचेच काढलेले चित्र, अंगणातली रांगोळी, होडीतून उतरणारे मासेमार, आणि शेवटी परसातल्या तुळशीला पाणी घालणारी आजी. ते चित्र तिच्या नकळत काढलेले होते. आजी बराच वेळ त्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “हे कागदावर काढून द्या मला. यंत्राचे तुम्ही काय करायचे ते करा.” तिचा जीव कॅमेऱ्याच्या पेटीत नव्हता, त्या पेटीने जे सांभाळले होते त्यात होता.

म्हणूनच जुना कॅमेरा हातचा जाऊ देण्यापूर्वी त्यातील चित्रे दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून घ्यावी. एक प्रत नाहीशी झाली तरी दुसरी राहते. कार्ड शक्यतो स्वतःजवळच ठेवावे. चित्रे पुसून टाकली, की ती नाहीशी झाली अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून धड्याचे नाव खोडले, तरी धडा आत तसाच असतो. त्याचप्रमाणे पुसलेले चित्र पुष्कळदा कार्डावर तसेच राहते आणि जाणत्या माणसाला ते परत मिळविता येते. काही कॅमेऱ्यांना कार्डाखेरीज स्वतःची थोडी स्मृतीही असते. तीत काही राहिले आहे काय, हेही पाहावे. घरातल्या माणसांची चित्रे परक्याच्या हाती जाऊ नयेत, एवढी दक्षता प्रत्येकाने घेतलीच पाहिजे.

आता विक्रीचा विचार. अलीकडे, विशेषतः २०२० सालानंतर, तरुण मंडळींना जुन्या लहान कॅमेऱ्यांची पुन्हा आवड वाटू लागली आहे. त्यामुळे जुना कॅमेरा म्हणजे भंगार, असे समजून पहिल्याच फेरीवाल्याला तो देऊ नये. दोनचार ठिकाणी किंमत विचारावी. वडिलांनी चौकशी करताच एक हौशी गृहस्थ कॅमेरा पाहावयास आले. कारागिराने तो पुन्हा जोडून दिलेला होता व बाहेरून तो अगदी स्वच्छ दिसत होता. “बॅटरीच उतरली असेल, असे दिसते. दीड हजार देतो,” असे ते म्हणाले. क्षणभर सर्व स्तब्ध झाले. नुसते गप्प राहिले असते, तरी हजार रुपये अधिक मिळाले असते. वडिलांनी आपल्या मुलीकडे पाहिले आणि गृहस्थांना सांगितले, “बॅटरी चांगली आहे. भिंगात वाळू आहे आणि मुख्य सर्किट गंजले आहे. दुरुस्तीला साडेचार हजार सांगितले आहेत.” गृहस्थांनी आभार मानले आणि ते निघून गेले.

शेवटी त्याच वृद्ध कारागिराने सुट्या भागांसाठी तो कॅमेरा ५०० रुपयांना घेतला. विकणाऱ्याला वस्तूचा जो दोष ठाऊक असतो, तो घेणाऱ्याला बाहेरून दिसत नाही. तो दोष लपविणे म्हणजे आपले नुकसान गुपचूप दुसऱ्याच्या खिशात टाकणे होय. मोडकी वस्तू मोडकी म्हणूनच विकावी. तिलाही योग्य गिऱ्हाईक असते. आजोबांच्या कॅमेऱ्याचा पडदा, बॅटरीचे झाकण, कळा व सेन्सर सुस्थितीत होते. तशाच जातीचे आणखी काही कॅमेरे त्या भागांनी पुन्हा चालू होणार होते. एकाचा शेवट अशा रीतीने दुसऱ्याच्या दुरुस्तीला उपयोगी पडतो.

ज्या कॅमेऱ्याला कारागीरही घेत नाही, त्याचे काय करावे? तो घरच्या केराच्या टोपलीत तर मुळीच टाकू नये. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यातील एक चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आल्याची नोंद नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे. या कचऱ्यात तांबे व सोने यांसारखे मौल्यवान धातू असतात, तसेच शिशासारखी विषारी द्रव्येही असतात. तो उघड्यावर जाळला, तर विषारी धूर माणसांच्या फुप्फुसांत जातो. मातीत टाकला, तर ते विष पाण्यात उतरते. भारतात यासाठी ई-कचऱ्याचे नियम केलेले असून त्यांचे नवे रूप १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. नोंदणी केलेल्या संस्थांकडे अशा वस्तू दिल्या, म्हणजे त्यांतील धातू सुरक्षितपणे वेगळे काढता येतात. बॅटरी मात्र आधी काढून स्वतंत्र द्यावी.

त्या घरी पुढे काय झाले? मिळालेल्या ५०० रुपयांत आणखी २,५०० रुपये घालून वडिलांनी चालू स्थितीतील एक जुना कॅमेरा आणला. तो नीट तपासून घेतला होता व त्याचे दोषही विचारून घेतले होते. नातीने त्याच्यासाठी घट्ट झाकणाचा एक डबा शोधला आणि दमटपणा शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात ठेवल्या. किनाऱ्यावर वारा सुटला, की ती कॅमेरा पिशवीत घालू लागली. घरी परतल्यावर मऊ फडक्याने तो पुसल्यावाचून ती जेवावयास बसत नसे. निगा राखण्याचे मोल तिला आता समजले होते. आजीच्या खोलीत तुळशीला पाणी घालतानाचे ते चित्र चौकटीत लागले, आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर खाडीकाठी एका पायावर उभा असलेला बगळा आला.

दुरुस्त करावे की विकावे, या प्रश्नाचे सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. दुसऱ्या एखाद्या घरी बॅटरी बदलताच कॅमेरा सुरू होईल आणि विकण्याचा विचारच सोडावा लागेल. उत्तरे बदलतात, विचारावयाचे प्रश्न मात्र तेच राहतात. नेमके काय बिघडले आहे? यापुढे खर्च किती आणि प्राप्ती किती? वस्तूचा खरोखर उपयोग होणार आहे काय? आपला जीव तिच्या कोणत्या भागात गुंतला आहे? आणि ती दुसऱ्याच्या हाती देताना आपण खरे बोललो आहोत काय? हे प्रश्न क्रमाने विचारणाऱ्या माणसाला घाईने वस्तू टाकल्याचाही पश्चात्ताप होत नाही आणि हट्टाने धरून ठेवल्याचाही होत नाही.